बिनतारी श्रद्धांजली

भेडाघाटच्या संगमरवरी दरीतून नाव नेणारे नावाडी वल्ह्यांच्या ठेक्यावर यमके जुळवीत जे अखंड निवेदन करतात, ते ज्याने एकदा ऐकले असेल त्याला नर्मदेच्या या काठी बोलक्या शब्दाचा केवढा मान आहे हे निराळे सांगावे लागत नाही. कोणता कडा हत्तीसारखा दिसतो, कोणत्या नटीचे गाणे कोठे चित्रित झाले, माकडे पूर्वी कोणत्या चिंचोळ्या जागी या तीरावरून त्या तीरावर उडी घेत, हे सारे ते अशा झोकात सांगतात की नभोवाणीवरील धावत्या समालोचनाचे हे एखादे जुने, बिनपरवाना भावंडच असावे असा भास होतो. परंतु येथून पंचवीसेक किलोमीटरांच्या आत, जबलपूरच्या छावणीत, शब्दाचा दुसरा एक संप्रदाय गेल्या शतकात नांदू लागला. तो तारेवाचून हवेतून संदेश नेणाऱ्या शिपायांचा होता. आणि धारातीर्थी पडलेल्यांचे स्मरण आकाशमार्गे करण्याची जी रीत पुढे आपल्या देशात रूढ झाली, तिची कुळकथा सांगावयाची तर तोफगाड्यांच्या या शहराइतके सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही.

रणात पडलेल्यांची आठवण ठेवण्याचे काम आपल्याकडे प्रथम पाषाणाकडे होते. महाराष्ट्रातील गावोगावच्या वेशीवर आणि शिवालयांच्या आवारात जे वीरगळ उभे आहेत, त्यांच्या तळच्या पट्टीत झुंज, मधल्या पट्टीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या पट्टीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, असा मृत्यूचा सारा प्रवास दोन-तीन हात उंचीच्या शिळेत बसविलेला असतो. नाव मात्र बहुधा कोरलेले नसते, कारण नाव गावाला ठाऊकच असे. पुढे इंग्रजी अंमलात पहिल्या महायुद्धानंतर सरकारने खेड्याखेड्यांतून ज्या स्मरणशिळा बसविल्या, त्यांचा नमुना याच्या अगदी उलट. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. म्हणजे आकडा आहे, परंतु माणूस नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने त्या युद्धात आपले 46 जवान गमावले आणि आज ते गाव नावापुढे 'मिलिटरी' हे बिरुद लावते. तेथील स्मृतिशिळा त्याच जातीची. हिंदुस्थानचे 74,000 हून अधिक शिपाई त्या युद्धात कामी आले, आणि 1931 साली उघडलेल्या दिल्लीच्या भव्य कमानीवर त्यांपैकी तेरा हजारांवर नावे कोरली गेली. बाकीच्यांची सोय निरनिराळ्या देशांतील भिंतींवर आणि दफ्तरांतील याद्यांत लागली.

शिळेचा दोष असा की तिच्यापाशी चालत जावे लागते. भेडाघाटच्या कलचुरी राणी अल्हणदेवीने कलचुरी संवत 907 मध्ये, म्हणजे इसवी सन 1155 मध्ये, पुत्र नरसिंहदेव याच्या कारकीर्दीत शिवमंदिर बांधून कोरविलेला प्रशस्तिलेख पुढे एका विद्वानाने सातासमुद्रापलीकडे नेला. तेव्हा ती स्मृती वाचू इच्छिणाऱ्या भेडाघाटकराला आपल्याच राणीच्या शब्दांसाठी ग्रंथाचा आधार घ्यावा लागतो. ध्वनीला असे कोणी उचलून नेऊ शकत नाही. पण तो उमटता उमटताच विरतो, आणि त्याच्या या क्षणभंगुरत्वातून एक नवाच विधी निर्माण झाला.

तो विधी दोन मिनिटांच्या मौनाचा. 11 नोव्हेंबर 1918 रोजी सकाळी अकरा वाजता युरोपातील तोफा थांबल्या, आणि पुढील वर्षी त्याच दिवशी, त्याच घटकेला साऱ्या साम्राज्याने कामकाज थांबवून दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे असे फर्मान पंचम जॉर्ज बादशहाच्या नावाने निघाले. या कल्पनेचे मूळ दक्षिण आफ्रिकेत होते. केप टाउन शहरात युद्ध चालू असतानाच दुपारी तोफ होताच रहदारी थांबविण्याचा शिरस्ता पडला होता, आणि सर पर्सी फिट्झपॅट्रिक या गृहस्थांनी तो लंडनच्या दरबारी सुचविला. हिंदुस्थानातील छावण्यांतून हा हुकूम इतर हुकमांप्रमाणेच तामील झाला. पलटणी उभ्या राहत, बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजे, पाद्री प्रार्थना म्हणत, आणि पलटणीतील मराठा, महार, पठाण, शीख ज्या देवाला ज्या शब्दांनी आळवीत त्या देवाचा त्या विधीत कोठे पत्ता नसे.

याच विधीवर लंडनच्या नभोवाणीने हात घातला तेव्हा एक मोठी मौजेची अडचण उभी राहिली, आणि तिचा उलगडा ज्या रीतीने झाला तो मला या सर्व इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग वाटतो. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने व्हाइटहॉलमधील स्मारकापाशी होणाऱ्या समारंभाचे प्रक्षेपण प्रथम 1928 साली केले. आता ज्या यंत्राचे सारे अस्तित्व ध्वनीसाठी, त्याने शांतता कशी पाठवावी? ध्वनिग्राहक बंद केला तर ऐकणाऱ्याला आपला संच बिघडला असे वाटणार. आणि निवेदकाने बोलत राहावे तर मौन कसले? तेव्हा ध्वनिग्राहक उघडाच ठेवावयाचा असे ठरले. घड्याळाचे टोल पडत, आणि मग त्या दोन मिनिटांत ऐकू येई ते सहस्रावधी माणसांच्या न बोलण्याचे: कोणाचे खोकणे, पाचोळ्याची सळसळ, दूरवरचे घोड्याचे पाऊल. निर्वात पोकळी आणि भरलेली शांतता यांतील भेद जगाला प्रथम कळला तो नभोवाणीमुळे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. 1932 च्या डिसेंबरात साम्राज्यासाठी लघुलहरींवरील सेवा सुरू झाल्यावर हे मौन हिंदुस्थानातही उतरू शकले. परंतु लंडनचे अकरा म्हणजे आपले दुपारचे साडेचार, त्यामुळे ज्या बंगल्यात असा संच असेल तेथील साहेबाने सकाळी अकराला परेडच्या मैदानावर एकदा आणि चहाच्या वेळी घरी पुन्हा एकदा, असे एकाच मृतांसाठी दोनदा स्तब्ध व्हावयाचे. रयतेला यातले काहीच ऐकू येत नसे. मुंबई केंद्राचा आरंभ 23 जुलै 1927 रोजी झालेला होता खरा, आणि 1936 मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नावही पडले. पण संच बाळगणारे लोक एवढ्या मोठ्या देशात अगदीच मूठभर होते.

जबलपूरचा या यंत्राशी असलेला संबंध मात्र ऐकणाऱ्याचा नव्हे, पाठविणाऱ्याचा. नागपूरकर भोसल्यांच्या हातून हा मुलूख 1817 च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेला, पुढे लोहमार्गांचा मोठा सांधा येथे झाला, 1904 साली तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, आणि पहिल्या महायुद्धानंतर सैन्याच्या संदेशवाहक दलाचे, म्हणजे ज्याला पलटणीच्या बोलीत नुसते 'सिग्नल' म्हणतात त्याचे, शिक्षण केंद्र याच छावणीत स्थिरावले. खेड्यातून आलेला पोरगा येथे कट्ट-कडकट्ट अशा टिंबरेघांच्या लिपीत बोटे बसवी, कानाला श्रवणयंत्र लावून तासन्‌तास अवकाशातील खरखरीतून नेमका संदेश निवडी, आणि मग बर्मापासून इटलीपर्यंत कोठेही त्याची तैनाती होई. पलटणीतील कोण पडला, किती जखमी झाले, ही वार्ता प्रथम कोणाच्या कानी येत असेल तर ती याच्या. सेनापतीच्याही आधी मृतांची गणती जाणणारा हा शिपाई स्वतः मात्र पदकांच्या आणि पोवाड्यांच्या इतिहासात फारसा कोठे दिसत नाही.

भेडाघाटच्या वाटेवरच तेवर हे गाव लागते. कलचुरींची राजधानी त्रिपुरी ती हीच. 1939 च्या मार्चात येथे काँग्रेसचे 52 वे अधिवेशन भरले, मिरवणुकीस 52 हत्ती जुंपले होते, आणि अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने इतके ग्रासले होते की त्यांना खाटेवरून आणावे लागले व त्यांचे भाषण त्यांच्या बंधूंनी वाचून दाखविले. ज्याला त्रिपुरीत स्वतःच्या तोंडाने बोलता आले नाही, त्याच पुरुषाचा आवाज तीन वर्षांच्या आत बर्लिनहून लघुलहरींवर हिंदुस्थानात येऊ लागला, आणि पुढे आग्नेय आशियातून आझाद हिंद सेनेसाठी घुमला. शत्रूच्या नभोवाणीचा प्रसार करणे हा त्या काळी अपराध. दारे लावून, आवाज बारीक करून लोक तो ऐकत. 8 जुलै 1945 रोजी सुभाषबाबूंनी सिंगापूरच्या किनाऱ्यावर आपल्या पडलेल्या सैनिकांच्या स्मारकाची कोनशिला बसविली. दोन महिने उलटतात तोच इंग्रज परतले आणि त्यांनी ते स्मारक सुरुंगाने उडवून दिले. एका साम्राज्याने आपल्या मृतांसाठी जगभर दोन मिनिटे मागावीत आणि दुसऱ्याच्या मृतांची दोन हात शिळाही सहन करू नये, यावर निराळे भाष्य कशाला करावे?

या साऱ्याची ठिणगी जबलपुरात 1946 साली पडली. 18 फेब्रुवारी रोजी मुंबईला कुलाब्याच्या 'तलवार' या नाविक तळावर बंड झाले. 'तलवार' हीही संदेशवाहकांचीच शाळा होती हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण बंडाची वार्ता जहाजांपर्यंत इतक्या त्वरेने कशी पोहोचली याचे उत्तर तेथे आहे. मुंबईचे बंड 23 तारखेस शमले, आणि 27 फेब्रुवारीस जबलपूरच्या सिग्नल शिक्षण केंद्रातील सुमारे 1,700 जवान कामावर न जाता घोषणा देत बाहेर पडले. निकृष्ट रेशन, गोऱ्या संदेशवाहकाच्या मानाने अपुरा पगार, अधिकाऱ्यांची अपमानाची भाषा, मुंबईतील खलाशांवर झालेला गोळीबार आणि लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर चाललेले खटले, असे त्यांच्या रागाला अनेक पदर होते. त्यांनी शस्त्र उचलले नाही, कोणास मारले नाही. संगिनी त्यांच्यावर रोखल्या गेल्या, काही जखमी झाले, आठवड्याच्या आत सारे थंडावले आणि मग लष्करी न्यायाचे चक्र फिरून कित्येकांना तुरुंग घडला, कित्येक बडतर्फ होऊन निवृत्तिवेतनाला मुकले. मुंबईच्या खलाशांना निदान पुस्तके मिळाली, नाटके मिळाली, कुलाब्यास एक पुतळाही मिळाला. जबलपूरच्या या जवानांची कथा मात्र, पुढे त्याच दलातील एका सेनाधिकाऱ्याने ती परिश्रमपूर्वक लिहून काढीपर्यंत, छावणीच्या भिंतीबाहेर फारशी आली नाही.

स्वतंत्र भारताच्या नभोवाणीला राष्ट्रीय शोकाचा आवाज सापडला तो सैनिकाच्या नव्हे, निःशस्त्र वृद्धाच्या मृत्यूने. 30 जानेवारी 1948 च्या संध्याकाळी सहाच्या बातमीपत्रात गांधीजींच्या हत्येचे वृत्त सांगताना मारेकरी हिंदू आहे हे मुद्दाम सांगण्यात आले, आणि त्या एका वाक्याने देशभर केवढा रक्तपात टळला असेल याची कल्पनाच करावी. परंतु तो मराठी आहे हेही मागोमाग कळले, आणि नागपूर, सातारा, सांगली, कोल्हापूर येथे मराठी घरांच्याच राखरांगोळीला ते कारण झाले. मराठी श्रोत्याचे 30 जानेवारीशी असलेले नाते त्यामुळे इतरांइतके सरळ कधीच राहिले नाही, आणि ते सरळ असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी मेलव्हिल डी मेलो यांनी अंत्ययात्रेबरोबर राहून सुमारे सात तास जे धावते वर्णन केले, त्याने या देशातील शोक-प्रक्षेपणाचा दंडक कायमचा घालून दिला: आवाज चढवावयाचा नाही, विशेषणे मोजकी वापरावयाची, आणि जेथे जनसमुदाय स्वतः बोलतो आहे तेथे निवेदकाने गप्प राहावयाचे.

30 जानेवारी हा पुढे हुतात्मा दिन ठरला. सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे काम थांबवून स्वातंत्र्यासाठी प्राण वेचणाऱ्यांस आदरांजली वाहावी, असे परिपत्रक गृहखात्याकडून दरसाल निघते; घटका अकराची, अवधी दोन मिनिटांचा, म्हणजे साचा साहेबाच्या छावणीतलाच, फक्त मूर्ती बदलली. त्यात आरंभ आणि शेवट कळविण्यासाठी, जेथे सोय असेल तेथे भोंगा वाजवावा किंवा लष्करी तोफ डागावी, असाही निर्देश असतो. अहिंसेच्या उपासकाच्या पुण्यतिथीस तोफेने इशारत द्यावी यातील विसंगती कोणा कारकुनाच्या ध्यानी आली नसेल असे नाही; पण शिरस्ता म्हणजे शिरस्ता. ज्या शहराने देशाला तोफांचे गाडे पुरविले आणि ज्याचा दिवसच कारखान्यांच्या भोंग्यांनी उजाडे, तेथे ही विसंगती जरा अधिक स्पष्ट ऐकू येते, इतकेच.

त्या काळी जबलपूरकराच्या घरी राष्ट्राचा आवाज येई तो नागपूरहून. जबलपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडे, राजधानी नागपूर, आणि नागपूरचे केंद्र 16 जुलै 1948 रोजी सुरू झाले ते मराठी व हिंदी अशा दोन्ही जिव्हांनी बोलत. रेल्वे, टपालखाते आणि तोफगाडी कारखाना यांच्या नोकरीमुळे नर्मदाकाठी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही मोठीच पर्वणी होती. पोस्टातून रेडिओचा वार्षिक परवाना काढावा, छपरावर दोन बांबूंच्या मधे एरियलची तार ताणावी, व्हॉल्व्ह तापेपर्यंत धीर धरावा, आणि रात्र झाली की मध्यमलहरी लांबवर पोहोचू लागतात या निसर्गनियमाचा फायदा घेऊन नागपूरचे मराठी शब्द नर्मदेच्या काठी ओढून आणावेत, असा तो नेम. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्ये नव्याने आखली गेली, जबलपूर भोपाळच्या हद्दीत गेले आणि नागपूर मुंबईच्या. नकाशाची ती रेघ मध्यमलहरींनी मात्र मानली नाही.

सैनिक या प्रक्षेपणांच्या गाभाऱ्यात आला तो 1962 च्या पराभवानंतर. विजयाने नव्हे, पराभवाने आणला, ही गोष्ट आपल्या स्वभावावर बराच प्रकाश टाकते. 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लता मंगेशकरांनी जे गीत गायिले, त्यावेळच्या पंडितजींच्या अश्रूंची कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की येथे तिची पुनरुक्ती नको. मला कुतूहल आहे ते त्या गीताच्या भूगोलाचे: गायिका इंदूरला जन्मलेली, कवी प्रदीप उज्जैनजवळच्या बडनगरचे, संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. माळवा आणि महाराष्ट्र यांनी मिळून देशाला त्याचे शोकगीत दिले, आणि आकाशवाणीने ते दर राष्ट्रीय दिनी लावून लावून त्याला जवळजवळ मंत्राची प्रतिष्ठा दिली. विविधभारतीवरील 'जयमाला' हा फौजी बांधवांसाठीचा कार्यक्रमही याच वर्षांत घराघरांत पोहोचला. सीमेवरचा जवान आणि त्याची गावाकडची माणसे एकाच वेळी एकच गाणे ऐकत आहेत, ही जाणीव कोणत्याही भाषणाहून मोठी होती.

1965 च्या युद्धात असल उत्तरच्या रणात 10 सप्टेंबर रोजी पडलेले अब्दुल हमीद हे 4 ग्रेनेडियर्सचे. त्या दलाचे केंद्र आज जबलपुरात आहे, तसेच जम्मू-काश्मीर रायफल्सचेही. 26 जानेवारी 1966 रोजी त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी राष्ट्रपतींच्या हातून परमवीर चक्र स्वीकारले. दूरचित्रवाणी त्या काळी दिल्लीबाहेर नव्हतीच. तेव्हा राजपथावरचे असले प्रसंग देशाने पाहिले ते कानांनी, 1963 पासून प्रजासत्ताकदिनाचे समालोचन करणाऱ्या जसदेवसिंगांसारख्यांच्या वाणीतून. 1972 पासून संचलनापूर्वी पंतप्रधानांनी अमर जवान ज्योतीपाशी पुष्पचक्र वाहण्याची प्रथा पडली, आणि नभोवाणीच्या श्रोत्याला नव्या विधीचे ध्वनी पाठ झाले: 'शोक शस्त्र' ही आज्ञा, बंदुका उलट्या करताना होणारा तो एकच खटका, बिगुल, आणि मग दोन मिनिटांचा उघडा ध्वनिग्राहक. जे लंडनने 1928 साली योजिले तेच, फक्त जानेवारीच्या धुक्यात. 2019 मध्ये राष्ट्रीय युद्धस्मारक उभे राहिल्यावर पुष्पचक्राची जागा पुढील वर्षापासून तेथे हलली. आता भिंतींवर 1947 नंतर पडलेल्यांची नावे एकेक करून कोरलेली आहेत, म्हणजे वीरगळाला जे लागत नव्हते आणि साम्राज्याच्या शिळेने जे दिले नाही, ते नाव अखेर मिळाले.

चित्र आल्यापासून या प्रक्षेपणांची कळा उतरली हे खरे. चित्रवाणीचा निवेदक दोन मिनिटे गप्प बसू शकत नाही, आणि बसलाच तर कॅमेरा कोणा मान्यवराच्या मुद्रेवर जाऊन स्थिरावतो. श्रोत्याच्या वाट्याला पूर्वी जी रिकामी जागा येई आणि जी तो आपल्या गावच्या, आपल्या आळीतल्या मृताने भरून काढी, ती आता आधीच भरलेली असते. यात गतकालाविषयीच्या हळवेपणाचा भाग किती आणि न्याय्य तक्रारीचा किती, हे वाचकांनी ठरवावे. माझी तक्रार त्याहून लहान आणि जागेपुरती आहे. स्मरणाच्या पंचांगात 30 जानेवारी आहे, 23 मार्च आहे, लडाखमध्ये 1959 साली पडलेल्या पोलिसांसाठी 21 ऑक्टोबर आहे, आमच्या संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांसाठी 21 नोव्हेंबर आहे, 16 डिसेंबरचा विजय दिवस आहे. जबलपूरच्या संदेशवाहकांपैकी 1946 साली कोणी रणात पडले नव्हते, म्हणून त्यांना हुतात्मा म्हणता येत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु ज्या बिनतारी विद्येवर ही सारी श्रद्धांजलीची परंपरा चालली, ती विद्या हातांत असलेल्या माणसांनी पोटाची भाकर पणास लावून केलेल्या त्या कृतीसाठी 27 फेब्रुवारीस पंधरा मिनिटांचा एखादा कार्यक्रम कोणत्याही केंद्रावरून झालेला माझ्या तरी ऐकण्यात आलेला नाही.